चिंपांझीला माकड म्हणू नका, वानरही म्हणू नका

चिंपांझीच्या फोटोखाली ‘माकड’ असं लिहिलेलं दिसलं की कुणीतरी लगेच सुधारतं: ‘माकड नव्हे, वानर.’ हेतू चांगला असतो, पण या दुरुस्तीने मूळ चुकीपेक्षा जास्त गोंधळ होतो. कारण मराठीत वानर हा शब्द रिकामा पडलेला नाही. तो एका ठरावीक प्राण्याचा आहे, आणि त्या प्राण्याला चांगली मीटरभर शेपूट असते.

सुरुवात आपल्या घरच्या फरकापासूनच करू. गावात कुणालाही विचारा, लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं ते वानर. कोकणात बऱ्याच ठिकाणी या लाल तोंडाच्या माकडाला केलडी म्हणतात. वानराच्या कळपातल्या मोठ्या नराला हुप्प्या म्हणतात, कारण त्याची ‘हुप् हुप्’ आरोळी अर्ध्या डोंगराला ऐकू जाते. माकड म्हणजे मकाक. महाराष्ट्रात त्याचे दोन प्रकार भेटतात. सह्याद्रीत आणि कोकणात दिसतो तो बॉनेट मकाक, म्हणजे टोपी माकड: डोक्यावरचे केस मधोमध भोवऱ्यासारखे फुटून चहूकडे पडलेले, टोपी घातल्यासारखे. तापीच्या उत्तरेकडे आणि विदर्भाच्या बाजूला रीसस. दोघांत घोटाळा झाला तर शेपूट बघावी. टोपी माकडाची शेपूट धडाच्या लांबीशी बरोबरी करते, रीससची जेमतेम वीतभर असते. शिवाय रीससच्या कमरेखालचे केस तांबूस-नारिंगी दिसतात.

वानर म्हणजे लंगूर. संस्कृतात लांगूल म्हणजे शेपूट, आणि लंगूर या नावाचं मूळ तेच. म्हणजे हा प्राणी नावानेच शेपटीवाला. राखाडी अंग, काळं तोंड, काळे तळवे, आणि धडापेक्षा लांब शेपूट. ही शेपूट तो कशी धरतो हेही बघण्यासारखं आहे. तापी आणि गोदावरीच्या उत्तरेकडचे लंगूर चालताना शेपटीची कमान पुढे, डोक्याच्या दिशेने घेतात. दक्षिणेकडचे ती मागच्या बाजूला वळवतात. प्राणिशास्त्रज्ञांनी या दोन तऱ्हांची नीट नोंद केलेली आहे, आणि सीमारेषा आपल्याच राज्यातून जाते. मराठवाड्यातून खानदेशात जाताना गाडीच्या खिडकीतून पडताळून पाहता येईल अशी ही गोष्ट.

माकड आणि वानर यांच्यातला खरा फरक मात्र तोंडाच्या रंगाचा नाही, तो पोटाचा आहे. माकडाच्या गालात आतून पिशव्या असतात. शेंगदाणे पुढे टाकले की ते चावत बसत नाही. दोन्ही गाल फुगेपर्यंत कोंबतं, पळतं, आणि सुरक्षित जागी बसून बाहेरून हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबत एकेक दाणा तोंडात आणतं. वानराला या पिशव्या नाहीत. त्याची सोय पोटात आहे: अनेक कप्प्यांचं जठर, आणि त्यात पानं आंबवणारे सूक्ष्मजीव. गाईच्या पोटात चालतं तसंच काहीसं काम, फक्त रवंथ नाही. म्हणून वानर कोवळ्या-जून पानांवर दिवस काढू शकतं आणि माकड फळं, बिया, किडे आणि आपल्या पिशवीतला वडापाव शोधत फिरतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की देवळाबाहेर वानराला बिस्किटं, पाव, गूळ घालणं त्याच्या पोटाला मुळीच मानवत नाही. साखर आणि पीठ त्या कप्प्यांत भराभर आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं. प्रेमाने घातलेल्या पुड्याने जनावर आजारी पडतं.

शास्त्राच्या भाषेत माकड आणि वानर ही एकाच कुळातली दोन उपकुळं आहेत, आणि त्यांची फारकत दीडेक कोटी वर्षांपूर्वी कधीतरी झाली. म्हणजे मराठी माणसाने अंगणात बसून जी रेघ ओढली ती चुकीची नाही, उलट चांगली नेमकी आहे. फक्त ती इंग्रजीतल्या ‘मंकी’ आणि ‘एप’ (म्हणजे गिबन, गोरिला, चिंपांझी असे बिनशेपटीचे) यांच्यामधली रेघ नव्हे. महाराष्ट्राच्या रानात एप नाहीतच, मग बोलीभाषेत त्यांच्यासाठी शब्द कुठून येणार?

आणि इंग्रजीला तरी हा फरक कुठे पहिल्यापासून ठाऊक होता? जुन्या इंग्रजीत शेपटी असो-नसो, सगळे ‘एप’च होते. ‘मंकी’ हा शब्द सोळाव्या शतकात उगवला. दोन शब्द हाताशी आल्यावर हळूहळू त्यांची वाटणी झाली, शेपटीवाले एकीकडे आणि बिनशेपटीवाले दुसरीकडे. जर्मनमध्ये आजही दोघांना मिळून ‘आफे’ हा एकच शब्द आहे, चिंपांझी वगैरेंना वेगळं काढायचं तर ‘मेन्शेनआफे’, म्हणजे माणूस-माकड, असं जोडून सांगतात. फ्रेंचमध्ये ‘सँज’ म्हटलं की सगळे आले. तेव्हा ‘चिंपांझीला माकड म्हणणं हे अज्ञान आहे’ असं कुणी ठणकावून सांगितलं, तर तो एका भाषेचा नियम जगाला लावतो आहे असं समजावं.

आसामचं उदाहरण तर फार बोलकं आहे. भारतात रानात राहणारा एप एकच, हूलॉक गिबन, आणि तो ईशान्येत, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला राहतो. जोरहाट जिल्ह्यातल्या होलोंगापार अभयारण्यात तो बघायला लोक जातात. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यातही रेल्वेमार्गाने त्याचे दोन तुकडे केलेले. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे रूळ म्हणजे त्याच्यासाठी भिंतच. नर काळा, भुवया पांढऱ्या. वयात आलेली मादी फिकट तपकिरी. वजन सहा ते नऊ किलो, शेपूट अजिबात नाही. सकाळी जोडी मिळून गाते तेव्हा आवाज लांबवर जातो. आता याला असमिया लोक काय म्हणतात? ‘होलौ बांदर’. आणि तिथेच रात्री फिरणाऱ्या लोरिसला ‘लाजुकी बांदर’. लोरिस हा तर माकड आणि एप या दोघांपासून फार आधी फुटलेल्या फांदीवरचा प्राणी. ज्यांच्या अंगणात तिन्ही आहेत त्यांनीही एकच शब्द पुरवून घेतला, आणि त्यांचं काही अडलं नाही.

अडतं ते शास्त्र मांडताना. नरवानर गणाचं, म्हणजे लेमूरपासून माणसापर्यंत या सगळ्यांचं, झाड डोळ्यांपुढे आणा. पहिल्या मोठ्या फाट्यावर लेमूर आणि लोरिस बाजूला होतात. पुढे चिमुकला टार्सियर बाजूला होतो. राहिलेल्या खोडातून एक फांदी दक्षिण अमेरिकेत गेली: कॅपुचिन, मार्मोसेट, स्पायडर मंकी वगैरे. त्यांची नाकं चपटी, नाकपुड्या बाजूला उघडणाऱ्या. दुसरी फांदी आशिया-आफ्रिकेत राहिली, नाकपुड्या खाली आणि जवळजवळ. या दुसऱ्या फांदीतून अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी दोन घराणी निघाली. एकात आपलं माकड, वानर, आफ्रिकेतला बबून. दुसऱ्यात गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि आपण. टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात २ कोटी ५२ लाख वर्षांच्या खडकात या दोन्ही घराण्यांचे अवशेष सापडले, त्यावरचा शोधनिबंध २०१३ साली आला. म्हणजे तोवर फूट पडून गेलेली होती.

आता घरगुती हिशेब करा. टोपी माकड आणि चिंपांझी हे एका आजोबांचे नातू. ब्राझीलचा कॅपुचिन त्यांचा लांबचा चुलत. तरी इंग्रजीत टोपी माकड आणि कॅपुचिन दोघे ‘मंकी’, आणि चिंपांझी मात्र घराबाहेर. सख्ख्याला वगळून चुलत्याला आत घेण्यासारखं आहे हे. आजचं वर्गीकरण नात्यावर चालतं, एका पूर्वजाची सगळी पिलावळ एका नावाखाली आली पाहिजे असा त्याचा आग्रह. त्या हिशेबाने ‘मंकी’ला शास्त्रीय गट करायचा असेल तर एपही मंकी ठरतात, आणि ओघाने आपणही. काही जीवशास्त्रज्ञ तसं उघडपणे म्हणतात, काही ‘मंकी’ हा केवळ बोलीतला शब्द मानून सोडून देतात. मला दुसरी वाट बरी वाटते. पण पहिली चूक आहे असं कुणी म्हणू नये.

‘एप’ हा गट मात्र एकसंध आहे, अट एकच, माणूस त्यात धरायचा. माणूस वगळून ‘एप’ म्हणालात की पुन्हा तीच सख्ख्याला वगळण्याची चूक. चिंपांझीला गोरिला जितका जवळचा आहे त्याहून आपण जवळचे आहोत.

एप ओळखायचा कसा? शाळेत शिकवतात, शेपूट नाही तो एप. याचा पुरावा आपल्या प्रत्येकाकडे आहे आणि मराठीने त्याला गमतीदार नाव दिलं आहे: माकडहाड. जिन्यावरून घसरून बसकण बसली की जे ठणकतं ते. तीन ते पाच मणके एकमेकांत जुळून झालेलं हे छोटं हाड शेपटीच्या जागी उरलं आहे. खरं म्हणजे माकडाकडे हे हाड नसतं, त्याच्याकडे पुरती शेपूट असते. माकडहाड ही एपची खूण. शेपूट गेली कशी याचा एक धागा २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात सुमारे ३०० अक्षरांचा एक भटका डीएनए तुकडा येऊन बसला आहे. तो सगळ्या एपमध्ये आहे आणि माकडांमध्ये नाही. त्याच्यामुळे जनुकाचा संदेश वाचताना कधीकधी एक भाग गाळला जातो. उंदरांमध्ये तसाच आखूड संदेश निर्माण करून पाहिला, तेव्हा त्यांची शेपूट आखूड झाली किंवा आलीच नाही. काहींच्या मज्जारज्जूच्या घडणीत दोषही दिसले. शेपूट जाणं फुकटात पडलं नसावं.

तरीही नुसत्या शेपटीवर निकाल देऊ नये. मोरोक्को, अल्जीरिया आणि जिब्राल्टरच्या खडकावर राहणारा बार्बरी मकाक शंभर टक्के माकड आहे, गालाच्या पिशव्यांसकट. पण शेपटीच्या जागी नुसतं बोंड. इंग्रजीत त्याला आजही ‘बार्बरी एप’ म्हणतात. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने शरीररचना शिकण्यासाठी प्रामुख्याने हाच प्राणी चिरला आणि तीच रचना माणसाची म्हणून युरोपात तेरा-चौदाशे वर्षं चालली. १५४३ मध्ये व्हेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने माणसाची प्रेतं चिरून दाखवलं की गॅलेनचे कितीतरी तपशील जनावराचे आहेत. शेपूट नाही म्हणून माणसाजवळचा मानलेला प्राणी नात्याने निघाला आपल्या केलडीचा भाऊ. ईशान्येतल्या आखूडशेपटी मकाकाचीही तीच गत, शेपूट इतकी तोकडी की दुरून दिसतच नाही. आणि शहरातल्या माकडांच्या शेपट्या विजेच्या तारांनी, कुत्र्यांनी, भांडणांनी तुटलेल्या असतात.

त्यामुळे मी आधी खांदा बघतो. माकडाची छाती कुत्र्यासारखी, बाजूने दाबलेली आणि खोल. खांद्याचं हाड बरगड्यांच्या कडेला. हात पुढे-मागे उत्तम हलतो, कारण ते चार पायांवर फांदीच्या वरून धावतं. एपची छाती रुंद आणि चपटी, खांद्याचं हाड पाठीवर सरकलेलं, गळ्याजवळचं हाड लांब. हात डोक्यावर सरळ ताणून गोल फिरवता येतो. दोरीवर कपडे वाळत घालताना, लोकलमध्ये वरची कडी धरून लोंबकळताना आपण जी हालचाल करतो ती एपची आहे. गिबन याच खांद्याच्या जोरावर एका हातावरून दुसऱ्या हातावर झोके घेत जातो. कंबरही वेगळी: मकाकाला कमरेचे साधारण सात मणके, गिबनला आणि आपल्याला पाच, गोरिला-चिंपांझीला तीन-चार. म्हणून माकड उडी मारताना धनुष्यासारखं वाकतं आणि गोरिलाची पाठ फळीसारखी ताठ दिसते.

दात हाताशी असतील, म्हणजे कवटी किंवा जीवाश्म असेल, तर वाद उरत नाही. माणूस, माकड, वानर, चिंपांझी, सगळ्यांचे ३२ दात. दाढेचा माथा बघायचा. माकड-वानराच्या दाढेवर चार उंचवटे असतात आणि ते दोन-दोन जोडून दोन आडव्या कडा होतात, किसणीसारख्या. एपच्या खालच्या दाढेवर बहुधा पाच बोथट उंचवटे आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खाच. दंतवैद्याच्या आरशात स्वतःच्या पहिल्या खालच्या दाढेवर ही खाच बघता येते, चांदी भरलेली नसली तर.

फोटोवरून सांगायचं असेल तर माझा क्रम साधारण असा. प्रथम डोळे: अवाढव्य गोल डोळे आणि ओलसर नाक असेल तर लोरिस किंवा लेमूर, पुढचे प्रश्नच नकोत. मग नाकपुड्या. बाजूला उघडत असतील तर दक्षिण अमेरिका, विषय संपला. इथे एक फसवणूक होते: स्पायडर मंकी हातांनी लोंबकळतो, खांदेही एपसारखे भासतात, आणि शेपूट पानाआड असली की लोक गिबन म्हणून मोकळे होतात. त्याच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतो, तो बघावा. नाकपुड्या खाली असतील तर बैठक बघायची, कारण मकाक आणि लंगूर दोघांच्या बुडाला टणक कातडीचे घट्टे असतात, त्यांवर बसून ते फांदीवर झोपतात. पण छोटे घट्टे गिबनलाही असतात, तेव्हा त्यावरच थांबू नये. शेवटी हातांची लांबी: एपचे हात पायांपेक्षा लांब, माणूस हा त्यातला अपवाद. मकाकाचे हात-पाय जवळपास सारखे, लंगूरचे तर पायच लांब. बसलेल्या, पाय पोटाशी घेतलेल्या प्राण्याच्या फोटोत मात्र हे मोजता येत नाही, आणि नेमके तसेच फोटो जास्त येतात.

राहिला शब्दाचा प्रश्न. मराठीत एपला काय लिहावं? पाठ्यपुस्तकी आणि विश्वकोशी मराठीत ‘कपी’ रूढ केला गेला आहे. शब्द सुटसुटीत, पण संस्कृतात कपि म्हणजे कुठलंही माकड, आणि अर्जुनाच्या रथावरचा कपी तर शेपटीसाठीच प्रसिद्ध. ‘वनमानव’ म्हटलं की ओरांगउटान आठवतो. त्याच्या मलय नावाचा अर्थच रानातला माणूस. गिबनला ते नाव शोभत नाही. ‘वानर’ मी वर सांगितल्या कारणाने बाद करतो, ‘एप वानर’ही तितकंच, कारण लंगूर तिथेही मध्ये येतो. लेखात पहिल्यांदा ‘कपी, म्हणजे बिनशेपटीचे गिबन-गोरिला-चिंपांझी’ असं एकदा सांगून पुढे कपी लिहावं, किंवा सरळ ‘एप’ लिहावं. मुलांच्या पुस्तकात तर ‘चिंपांझी’ एवढंच पुरे. हत्तीला आपण ‘हत्ती प्राणी’ थोडंच म्हणतो.

‘माणूस माकडापासून झाला’ या वाक्यातही शब्दाचाच घोळ आहे. आजच्या कुठल्याही माकडापासून, वानरापासून किंवा चिंपांझीपासून माणूस झालेला नाही. त्यांचे आणि आपले पूर्वज एक. पण तो तीन कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज आज समोर आणून बसवला, तर शेजारीपाजारी त्याला बिनदिक्कत माकडच म्हणतील, आणि दिसण्यापुरतं ते बरोबरही असेल.

शास्त्रज्ञांनाही आपल्या शब्दांचा मोह सुटत नाही. शिवालिकच्या टेकड्यांत एपचे जीवाश्म मिळाले तेव्हा १९१० मध्ये सिवापिथेकस असं नाव दिलं गेलं, १९३४ मध्ये त्यात रामापिथेकस आणि सुग्रीवापिथेकस यांची भर पडली. रामापिथेकसला काही दशकं माणसाचा पूर्वज म्हणून मान होता. पुढे पूर्ण चेहऱ्याचे अवशेष मिळाले आणि कळलं की ही मंडळी ओरांगउटानच्या बाजूची. राम आणि सुग्रीव दोघेही शिवात विलीन झाले. नंतर जम्मूतल्या रामनगरजवळ २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची एक दाढ सापडली. २०२० मध्ये तिच्यावरून गिबनचा सर्वांत जुना नातेवाईक जाहीर झाला, नाव कपी रामनगरेन्सिस. आता तरी कपी म्हणजे एप हे पक्कं झालं असं वाटावं, तोच २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी चीनमधल्या युनानच्या गिबन-जीवाश्मांशी ताडून सांगितलं की ही दाढ गिबनची वाटत नाही. ती प्लायोपिथेकॉइड नावाच्या जुन्या गटातली असावी, आणि तो गट माकड आणि एप वेगळे होण्याच्या आधीच फुटलेला. वाद एका दाढेवर उभा आहे, आणखी दात सापडेपर्यंत तो चालेल. नाव मात्र आता बदलता येत नाही, नामकरणाचे नियम तसे आहेत. दाढ कुणाचीही निघो, ती कपीच राहणार.